सांभाळायला दिलेले शब्द

आमच्या जोडसरांनी मला सबंध शाळेत एकदाही माझ्या नावानं हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी 'वेदर' होते. तीही हवामानाची वेदर नव्हे. 'की नाही' अशा अर्थाची, डब्ल्यूनंतर एच असलेली. हवामानाची वेदर माझ्या शेजारी बसायची, तिचं नाव मंगल. हजेरी सुरू झाली की सर खुर्चीतून न उठता मोठ्यांदा म्हणायचे, "वेदर हवामान!" मंगल उठायची, स्पेलिंग म्हणायची आणि वर सांगायची, "आज ऊन हाय, सर." मग "वेदर की नाही!" अशी हाक आली की मी उठायचे आणि म्हणायचे, "उद्या पाऊस पडतो की नाही, माहीत नाही, सर." असा सगळा वर्ग उरकेपर्यंत निम्मा तास संपायचा, आणि आमचं जे काही इंग्रजी झालं ते त्या निम्म्या तासातच झालं.

पाटोदा तालुक्यातल्या आमच्या माळावरच्या हायस्कूलात सर इंग्रजी शिकवायचे. मूळचे ते युसूफ वडगावचे. त्यांना खरंखुरं नाव-आडनाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकापुरतं. शाळेत, गावात, चहाच्या टपरीवर ते जोडसरच. ठेंगणे, रुंद, पँट कायम पोटाच्या वर बांधलेली. चालताना पुढं वाकून चालायचे, जणू काही पायाखालचं हरवलेलं शोधतायत. इंग्रजी उच्चार म्हणाल तर अस्सल आपल्या मातीतले. त्यांच्या तोंडून 'वेदर' आणि 'वेदर' अगदी एकसारखे निघायचे, आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे. "बोलताना सारखं बोला, लिहिताना येगळं लिहा," असा त्यांचा सरळ हिशेब होता.

जोडीनं शब्द शिकवायचे, हे त्यांचं एकमेव हत्यार. एकमेकांत गुंतणारे दोन शब्द घ्यायचे आणि एका बाकावरच्या दोन पोरांना एकेक वाटून द्यायचा. त्या पोरानं तो शब्द वर्षभर अंगावर वागवायचा. "सारखे दिसणारे शब्द म्हंजे जुळी लेकरं," ते म्हणायचे. "आई त्यांच्यात चुकत न्हाई, कावून? रोज दोघांला शेजारी बघती म्हणून." शब्द वाटताना ते माणूस बघून वाटायचे. सतत चुळबुळ करणाऱ्याला एका जागी उभं राहणारी स्टेशनरी दिली, आणि ज्याच्याकडं कधी धड पेन नसायचं त्याला वह्या-पेनांची. मला 'की नाही' मिळाली, कारण मी सांगितलेलं एकही काम फाटे फोडल्याशिवाय करत नसे. घरी माझा भाऊ मला अजूनही "आमची की-न्हाई" म्हणतो. गावच्या पुढाऱ्याच्या मुलाला त्यांनी तत्त्व या अर्थाचा प्रिन्सिपल दिला होता. त्याला तो शेवटपर्यंत पाठ झाला नाही, आणि सरांनीही त्याच्याकडून तो कधी बदलून घेतला नाही.

ते सर्वज्ञ वगैरे मुळीच नव्हते. 'सेपरेट' या शब्दात ते कैक वर्षं मधला ए गाळून ई घालत आले होते आणि कितीतरी पिढ्यांना त्यांनी तसंच शिकवलं होतं. एकदा मंगलनं डिक्शनरीत बघून ते उभं राहून सांगितलं. सरांनी डिक्शनरी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांपाशी नेलं आणि म्हणाले, "च्यायला, लई जणांचं वाटोळं केलं की मी." मग 'चुकेल त्यानं बाकावर उभं राहायचं' या स्वतःच्याच नियमाप्रमाणं ते बाकावर उभे राहिले, तास संपेपर्यंत. बाक कुरकुरत होता आणि आम्ही हसून हसून लोळत होतो. त्या दिवसापासून मंगल त्यांची लाडकी झाली, ती कायमची.

पण सरांची खरी ओळख सांगायची तर दिवाळीनंतरची सांगायला हवी. आमच्या भागातली माणसं ती वेळ बरोबर ओळखतील. कारखान्यांचे ट्रॅक्टर यायला लागायचे, गावच्या टोळ्या ऊस तोडायला निघायच्या आणि पोरंही आईबापांबरोबर जायची. निघताना माणसं मागं राहणाऱ्यांकडं आपापलं काहीबाही सोपवून जायची. कुणी शेळी, कुणी कोंबड्या, कुणी घराची किल्ली, कुणी अंथरुणावरची म्हातारी. सरांनी याच रिवाजात शब्दही घातले होते. जाणाऱ्या पोरानं आदल्या दिवशी वर्गात उभं राहायचं, आपला शब्द स्पेलिंग-अर्थासकट मोठ्यांदा म्हणायचा आणि बाकावरच्या जोडीदाराला सांगायचं, "माझा शब्द सांभाळ, आल्यावर घेतो." सर याला 'सुपूर्द करणं' म्हणत. "चला, गाड्या लागल्या. सुपूर्द करा," असं ते म्हणाले की वर्गात एकदम गंभीर वातावरण व्हायचं. आमचं किराणा दुकान असल्यामुळं आम्ही कधी उसाला गेलो नाही. त्यामुळं मी नेहमीच सांभाळणाऱ्यांत. थंडीच्या दिवसांत वर्ग इतका रिकामा व्हायचा, की हजेरीला एकेका पोराला चार-चार शब्दांची ओ द्यावी लागायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला गाड्या परत यायच्या आणि उलट सोहळा व्हायचा. काळवंडलेली, हाताला घट्टे पडलेली पोरं वर्गात येऊन आपापला शब्द मागून घ्यायची. काही जण स्पेलिंग विसरलेले असायचे, सर ओरडायचे नाहीत. पण दरवर्षी काही जण यायचेच नाहीत. मुलगा कोयता धरण्याएवढा झालेला असायचा, मुलीचं लग्न झालेलं असायचं. त्यांचे शब्द ज्याच्याकडं दिलेले त्याच्याकडंच पडून राहायचे. सर ते शब्द नव्या पोरांना देत नसत. "दुसऱ्याची वस्तू हाय ती," म्हणायचे.

आम्ही दहावीत गेलो त्या वर्षी शाळा उघडल्या उघडल्या त्यांनी जाहीर केलं, "औंदा ह्या वर्गातली एकबी जोडी फुटू द्यायची न्हाई. सगळी परीक्षेला बसतील." ते घरोघर गेले. मुलांची सोय त्यांनी लावली, कुणाला मामाकडं, कुणाला चुलत्याकडं ठेवलं. प्रश्न मंगलचा होता. आजवर सीझनला ती आजीपाशी गावात राहायची. ती आजी त्या पावसाळ्यात गेली. मंगलला बीडला जाऊन नर्सिंग करायचं होतं, आणि त्यासाठी आधी दहावी लागते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तिच्या वडिलांना सारा गाव लक्ष्मणतात्या म्हणायचा. अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. सर त्यांच्याकडं गेले तेव्हा मीही होते, मंगलच्या शेजारी उंबऱ्यात बसलेले. तात्या खाली मान घालून म्हणाले, "सर, तुमचं समदं खरं हाय. पर मागं ठिवावं तर कुणाच्या भरवशावर? आन् संगं न्यावं तर तिथं ऱ्हायच्या पाचटाच्या कोपीला दार न्हाई. वयात आल्याली पोर." सर म्हणाले, "माझ्या घरी ठिवा. माझी बायको हाय, लेक हाय. परीक्षा झाली की तुमची पोर तुमच्या हवाली." तात्या बराच वेळ जमिनीवर बोटानं रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "परक्याच्या घरी पोर ठिवली म्हणल्यावर सोयरीक कोण करल, सर?"

सोयरीक आधीच ठरली होती, हे आम्हाला नंतर कळलं. शेजारच्या गावचा मुलगा. उसात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं तोडायचं, दुसरीनं मोळ्या बांधून वाहायच्या. एकटा माणूस गेला तर टोळी नेणारा मुकादम त्याला अर्धा कोयता धरतो, पैसेही निम्मेच. मुलाच्या बापाला टोळीत पुरा कोयता हवा होता आणि तात्यांना पोर कुणाच्या तरी दाराआड गेलेली हवी होती. दोघांचीही गरज गाड्या निघायच्या आत भागायला हवी होती. आमच्याकडं कितीतरी लग्नांचा मुहूर्त असाच ठरतो, त्यासाठी पंचांग उघडावं लागत नाही.

सरांनी पोलिसांत बालविवाहाची तक्रार केली. उघड, स्वतःच्या नावानं. गावात जीप आली, तात्यांकडून अठरा वर्षं पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून घेतलं, आणि जीप धुरळा उडवत परत गेली. दोन्ही घरच्या मंडळींनी मांडव उतरवला, हळदीचं सामान गाडीत भरलं आणि लग्न लावलं थेट कारखान्याच्या तळावर, उसाच्या कडेला. ज्या गावानं आजवर सरांना दुधाचा चहा पाजला त्या गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. "पोरीच्या हळदीवर पोलीस घातले," असं बायका त्यांच्या तोंडावर म्हणायच्या. सर मान खाली घालून पुढं वाकत शाळेत यायचे. मला त्या बायकांचा इतका संताप यायचा, की आमच्या दुकानात आल्या की मी मुद्दाम त्यांना ताटकळत ठेवायचे.

निघायच्या आदल्या दिवशी मंगल वर्गात आली होती. उभी राहिली, शब्द नीट म्हणाली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "सांभाळ गं, येतेच." तिला खरंच तसं वाटत होतं. सरांनाही वाटत होतं. त्यांनी तिचा परीक्षेचा अर्ज आधीच भरून ठेवला होता. मलाच तेवढं वाटत होतं, येते की नाही.

परीक्षा जवळ आली तसे सर एके दिवशी दुकानात आले आणि आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले, "पोरीला संगं घिऊन चला. माझ्यापाशी मंगल बोलायची न्हाई, हिच्यापाशी बोलंल." दादांनी दुकानाला कुलूप घातलं. आम्ही तिघं एसटीनं नगरच्याही पलीकडं गेलो. सरांच्या शर्टाच्या खिशात मंगलचं हॉल तिकीट होतं, प्रवासभर ते खिशावर हात ठेवून बसले होते. विचारत विचारत उसाच्या फडावर पोचलो तेव्हा सकाळची उन्हं वर आली होती. मंगल डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. मी तिला पाठीमागून ओळखलंच नाही, कुठली तरी बाई आहे असंच वाटलं. ती वळली, आम्हाला बघितलं आणि पदरानं तोंड पुसलं.

तिचा सासरा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं आम्हाला बसायला पोतं अंथरलं, चहा दिला, सरांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुरुजी, परीक्षेला न्या म्हणता, पर इतके दिस पोराचा अर्धा कोयता होतो. त्येचं मुकादमाला काय सांगू?"

"तिच्या जागी मी थांबतो," सर म्हणाले. "परीक्षा होईस्तोवर मी मोळ्या वाहतो. तोडतो बी."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी चप्पल काढली, बाह्या वर केल्या, कुणाचा तरी कोयता उचलला आणि फडात शिरले. आयुष्यभर खडू धरलेला तो हात. ऊस बुडातून तुटेना, तुटला तर शेंड्याचं वाडं निघेना, पाचटाच्या पात्यांनी हातांवर लाल रेघा उमटल्या. तरी ते थांबेनात. दादा म्हणाले, "सर, पुरे आता." सर म्हणाले, "थांबा हो, जरा सवय होऊ द्या." दुपारपर्यंत त्यांनी जी मोळी बांधली ती खांद्यावर घेताना सुटून सगळी पायांवर पडली. आता कुणी हसत नव्हतं. मंगलचा सासरा दुसरीकडं बघायला लागला, आणि तिचा नवरा, तोही पोरगाच, तंबाखू मळता मळता थांबला.

मंगल फडातून आली. तिनं सरांच्या हातातला कोयता काढून घेतला. त्यांनी तो पटकन सोडलाही नाही, दोघांनी क्षणभर तो धरून ठेवला होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "सर, नका. तुमाला न्हाई जमायचं. माझा शब्द आता हिच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

आणि तोच कोयता घेऊन ती वाकून ऊस तोडायला लागली. कारण उन्हं कलायच्या आत ट्रक भरायचा होता.

परतीच्या एसटीत सरांचे दोन्ही तळवे दादांच्या रुमालानं बांधलेले होते. पाटोद्याचा स्टँड येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "मला वाटलतं, जमंल." मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. इतकं रडू मला नंतर माझ्या घरच्या माणसांच्या मरणालाही आलं नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही. परीक्षेत मंगलचा नंबर माझ्या पुढच्याच बाकावर होता. इंग्रजीच्या पेपरला मी सगळा वेळ त्या रिकाम्या बाकाकडं बघत लिहिलं.

पुढच्या दिवाळीला गाड्या लागल्या, नवी पोरं सवयीनं उभी राहिली, तेव्हा सर म्हणाले, "बसा खाली. ज्याचा शब्द त्यानं संगं न्यावा. हितं कुणापाशी ठिवू नका." हे मला माझ्या भावानं सांगितलं, तो तेव्हा त्यांच्या वर्गात होता. शिकवणं त्यांनी सोडलं नाही, जोड्याही लावत राहिले. पण कुणाच्या घरी मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत. गाव त्यांच्याशी हळूहळू बोलायला लागलं. सरांनीच बोलणं कमी केलं होतं. रिटायर झाल्यावर ते युसूफ वडगावला निघून गेले.

मी बीडला कोर्टासमोर टायपिंगचं दुकान टाकलंय. वकिलांच्या इंग्रजीतल्या चुका दिवसभर दुरुस्त करते. कधी मंगलचा वेदर टाइप होताना कुणीतरी उठून ओ दिल्यासारखं वाटतं आणि बोटं थांबतात. सरांना मी अधूनमधून भेटायला जायचे. ते मला माझ्या शब्दानंच हाक मारायचे, पण मंगलबद्दल कधी विचारायचे नाहीत. एकदाच, मी निघताना, चपला घालत असताना म्हणाले, "ती एक जोडी जरी राखली असती ना, बाई, तर म्हणता आलं असतं की मास्तरकी केली." मी म्हणाले, "आम्ही किती जण पास झालो, सर." ते म्हणाले, "तुमी झालाच असता."

ते या थंडीत गेले. निरोप मिळाल्यावर मी बीडहून तशीच निघाले. युसूफ वडगावला नातेवाईक होते, शाळेतले दोन-तीन जुने शिक्षक होते आणि विद्यार्थी म्हणाल तर आम्ही मोजकेच. एक जण बँकेत, एक तहसिलात, तो तत्त्ववाला प्रिन्सिपल पांढऱ्या गाडीतून आलेला. सगळे असे, ज्यांचं सरांवाचून काही अडलं नसतं. ज्यांच्यासाठी ते दारोदार फिरले, शिव्या खाल्ल्या, हात सोलून घेतले, त्यातलं एकही माणूस नव्हतं. असणार कसं? सीझन चालू होता. ते सगळे उसात होते.

संध्याकाळी मी परत बीडच्या एसटीत बसले आणि फोन वाजला. मंगलचा. कुणीतरी तिला कळवलं होतं. मागं ट्रकच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"सर गेले म्हणं," ती म्हणाली. मग म्हणाली, "यायला जमलं न्हाई गं. फड अर्ध्यावर हाय."

मी म्हटलं, "असू दे. पोरगी कशी आहे तुझी?"

"बरी हाय. जमलंय तिचं. पुढचा सीझन लागायच्या आत उरकायचं. पोराकडच्यांला कोयता पुरा पायजे."

मी विचारलं, "कितवीत आहे?"

"नववीत होती," मंगल म्हणाली. तेवढ्यात तिकडून कुणीतरी तिला हाक मारली, आणि तिनं फोन ठेवला.